रुळाकडेला कॅमेरा घेऊन

पडेगाव म्हटले की बहुतेक शेतकरी बांधवांना साताऱ्याकडचे ऊस संशोधन केंद्र आठवते. ते पडेगाव फलटण तालुक्यातले. मी राहतो ते पडेगाव छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेला, नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. आमच्याकडे ऊस नाही. मेंढ्यांचे प्रक्षेत्र आहे, छावणी जवळ आहे, आणि दक्षिणेचा वारा सुटला की रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मालगाडीची धडधड ऐकू येते. आजचा लेख त्या धडधडीविषयी आहे.

मागच्या दिवाळीला लेकीने मला कॅमेरा आणून दिला. तिला वाटले, बाबा निवृत्तीला आले, काहीतरी नाद हवा. नोकरीत मी फोटो पुष्कळ काढले. पण ते बांधबंदिस्तीचे, प्रात्यक्षिकाच्या प्लॉटचे, गारपिटीत आडव्या झालेल्या गव्हाचे. ते पंचनाम्यासाठी. मोजमाप कळावे म्हणून शेजारी काठी उभी करायची आणि बटण दाबायचे. मौजेसाठी पहिला फोटो कशाचा काढावा, असा विचार केला तेव्हा डोळ्यांपुढे एकच चित्र आले : पुढे रूळ, रुळावर गाडी आणि मागे देवगिरीचा किल्ला. शाळकरी वयात वाफेच्या इंजिनाच्या गाडीतून हा किल्ला मी खिडकीतून कितीदा पाहिला होता. खिडकीशी बसले की डोळ्यांत कोळशाची कुसळे जात, आणि आई पदराच्या टोकाने ती काढी.

नाताळच्या आठवड्यात एका सकाळी मोटारसायकल काढली आणि दौलताबाद स्थानकाच्या अलीकडे एका शेताच्या बांधाला लावली. किल्ल्यावर कोवळे ऊन आले होते. बांधावरून चित्र नीट जुळेना, तारांचे खांब मध्ये येत. म्हणून भरावावर चढलो आणि रुळाच्या कडेला, खडीवर, उभा राहिलो. वेळापत्रक पाहून गेलो होतो. गाडी मनमाडकडून यायची होती, म्हणून तोंड मनमाडकडे. एक डोळा मिटलेला, दुसरा कॅमेऱ्याला लावलेला.

मागून कोणीतरी ओरडले. काय ओरडले ते कळले नाही, पण दंडाला धरून मला भरावावरून खाली ओढले गेले आणि आम्ही दोघेही बाभळीच्या काट्यांत बसकण मारली. डोक्यावरून मालगाडी गेली. ती शहराकडून आली होती, वेळापत्रकात नसलेली, विजेच्या इंजिनाची. वारा समोरचा होता, म्हणून तिचा आवाज माझ्यापर्यंत आलाच नव्हता.

ज्याने ओढले तो रेल्वेचा चाबीवाला होता. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत लाल-हिरवे झेंडे. गाडी जाईपर्यंत तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सायेब, तुमी आमच्या गावात बोंडअळीच्या सभेला आलता ना? फवारताना तोंडाला फडकं बांधा म्हणून सांगत व्हता."

मी म्हटले, "हो, मीच तो."

"मंग हितं तुमचं फडकं कुटं हाय?"

पन्नाशी ओलांडलेल्या, बी.एस्सी. झालेल्या, गावोगाव लोकांना सावधगिरी शिकवणाऱ्या माणसाला याहून जास्त काय बोलायचे? त्या दिवशी फोटो काढला नाही. पण घरी येताना ठरवले, की आधी गाडी कशी चालते ते शिकायचे, मगच कॅमेरा उचलायचा. पुढचे तीन-चार महिने सुट्टीच्या दिवशी मी त्या चाबीवाल्याशी, एका फाटकवाल्याशी आणि मनमाडच्या बाजूच्या एका लहान स्थानकातल्या तरुण स्टेशनमास्तरांशी, त्यांचे काम नसेल त्या वेळी, बोलत राहिलो. मास्तर बिहारचे, बोलणे हिंदीत, पण समजावण्याची हौस मोठी. जे कळले ते आपल्या शेतकरी कुटुंबांनाही उपयोगाचे आहे, कारण हा लोहमार्ग आपल्या शेतांमधून जातो आणि आपली गुरे, पोरे आणि ट्रॅक्टर त्याला रोज ओलांडतात.

छप्पनच्या दुष्काळातला रस्ता

आधी या मार्गाची थोडी जन्मकथा. मनमाड ते सिकंदराबाद असा सुमारे ३९१ मैलांचा हा मार्ग निजामाच्या राज्यात हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे या नावाने १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. मनमाडला तो मुंबईकडच्या मोठ्या मार्गाला मिळाला. आपल्याकडे ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणतात तो नेमका १८९९–१९०० चा. माझी आजी सांगत असे, की तिच्या वडिलांनी त्या साली खडी फोडून पोट भरले आणि ती खडी 'गाडीच्या वाटेवर' गेली. कागदोपत्री याचा पुरावा माझ्यापाशी नाही. पण भरावाच्या कडेने चालताना बाजूला लांबच लांब उथळ खड्डे दिसतात. माती उचलून भराव केला त्याचे ते खड्डे. पावसाळ्यात त्यांत पाणी साठते, म्हशी बसतात. असे खड्डे पाहिले की मला आजीच्या वडिलांचे टोपले आठवते.

१९३० साली निजाम सरकारने ही रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली. १९५१ मध्ये ती मध्य रेल्वेत आली, १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वेत गेली आणि २००३ पासून नांदेड विभागाकडे आहे. पण आपल्या माणसांच्या दृष्टीने खरी गोष्ट रुळांच्या रुंदीची. हा मार्ग होता मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर. मनमाडहून मुंबईला जाणारा मार्ग ब्रॉडगेज, १६७६ मिलिमीटरचा. एका मापाची वाघीण दुसऱ्या मापावर चालत नाही. त्यामुळे मराठवाड्यातून निघालेला कापूस, ज्वारी, सरकी मनमाडला एका गाडीतून उतरवायची आणि दुसरीत भरायची. येणारे खतही तसेच. हमालांचे आकडे लागून गोण्या फाटत, हमाली दोनदा पडे, दिवस मोडत तो वेगळाच. मराठवाड्याच्या विकासासाठी जी आंदोलने झाली, ज्यांत गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखी वडीलधारी माणसे होती, त्यांत रुंद मार्गाची मागणी पुन्हा पुन्हा का येत होती हे या मनमाडच्या धक्क्यावर उभे राहिले की कळे. शेवटी १९९० नंतरच्या दशकात मनमाडकडून काम सुरू होऊन मार्ग रुंद झाला.

आता खताचा रेक लागला म्हणजे काय, ते शेतकऱ्याला सांगायला नको. आम्हां विस्तार अधिकाऱ्यांचे तर जून-जुलैमधले निम्मे आयुष्य 'रेक कधी लागतो' यातच जाते. एका रेकमध्ये बेचाळीस वाघिणी धरल्या तर अडीच हजार टनांच्या वर माल येतो. युरियाच्या पंचेचाळीस किलोंच्या गोण्या मोजल्या तर पंचावन्न हजारांहून अधिक. हा सगळा माल थेट कारखान्यापासून आपल्या जिल्ह्याच्या मालधक्क्यापर्यंत मध्ये कुठेही न उतरवता येतो. परतीच्या दिशेचे उदाहरणही आहे. २०२१ साली नगरसोलहून कांद्याने भरलेल्या किसान रेल्वे गाड्या पार आसामकडे गेल्या. मीटर गेजच्या दिवसांत हे जमले नसते.

एक जोडी आणि वीस टन

एक इंजिन एवढे वजन ओढते कसे, हा प्रश्न मला शेतीच्या बाजूने सोडवता आला. पोलादी चाक पोलादी रुळावर टेकते तेव्हा स्पर्श होतो तो अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. चाक रुतत नाही, पसरत नाही. सपाट रुळावर एक टन वजन चालते ठेवायला चार-पाच किलोंचा ओढा पुरतो. चांगल्या बैलजोडीचा सततचा ओढा ऐंशी ते शंभर किलोंचा धरतात. म्हणजे हिशेबाने, एकदा हलवून दिले की ती जोडी सपाट रुळावर अठरा-वीस टन ओढत राहील. आपल्या गाडीवाटेवर पावसाळ्यात दीड टनाला तिच्या तोंडाला फेस येतो.

पण चढ आला की हिशेब फिरतो. शंभर मीटरला एक मीटर चढ असेल तर टनामागे दहा किलोंचा जादा ओढा लागतो. वीस टन ओढणारी जोडी सहा-सात टनांवर येते. म्हणून रेल्वेचे इंजिनिअर चढाला फार भितात. आपण समपातळी बांध घालताना जशी पातळी धरून जातो तसा हा मार्ग पाणलोटाच्या कडेने वळणे घेत जातो. उंचवटा आला की खोदून, खळगा आला की भरून. रुळाकडेला लहान पाट्यांवर चढ-उताराचे आकडे असतात आणि प्रत्येक स्थानकाच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. दोन स्थानकांच्या उंचीतला फरक काढून त्याला अंतराने भागा, मधला सरासरी उतार निघतो. शाळेतल्या मुलांना हा हिशेब प्रवासात घालावा; खिडकीशी बसायला मिळाले तर मुले आनंदाने करतात.

चाकाची आणखी एक गंमत घरी करून पाहता येईल. रेल्वेचे चाक सपाट नसते, आतून बाहेर किंचित निमुळते असते. दोन कागदी पेले तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून सोडा. ते थोडे डावी-उजवीकडे झुकतात आणि आपोआप मध्यावर येतात. आता उलटे करा, बुडाला बूड चिकटवा. लगेच खाली पडतील. गाडीचे चाक याच युक्तीने रुळावर मधोमध राहते. आतल्या बाजूची उभी कड ही शेवटची राखण.

मात्र जी गोष्ट ओढायला सोपी तीच थांबवायला अवघड. ताशी शंभर किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ अठ्ठावीस मीटर येते. ड्रायव्हरने दिसताक्षणी ब्रेक मारला तरी ती थांबायला अर्धा ते एक किलोमीटर जातो, भरलेल्या मालगाडीचे तर विचारूच नका. वळणावर तीनशे मीटर दिसत असेल तर माणसाला मिळतात अकरा सेकंद, आणि तीही त्याचे लक्ष तिकडे असेल तर. स्टिअरिंग नाही, बाजूला घेण्याची सोय नाही. याच मार्गावर, बदनापूर आणि करमाड यांच्यामध्ये, ८ मे २०२० च्या पहाटे काय झाले ते आपण विसरलेलो नाही. टाळेबंदीत जालन्याहून पायी गावाकडे, मध्य प्रदेशात, निघालेले मजूर थकून रुळावर झोपले होते. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज. प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. चालकाने पाहिले, थांबवण्याचा प्रयत्न केला. सोळा जण गेले. त्या दिवशी मी घरी बसून ही बातमी ऐकली तेव्हा मनात आले होते, की आवाज कसा आला नसेल? दौलताबादच्या बाभळीत पडल्यावर त्याचे उत्तर मला मिळाले.

लोखंडी गोळा आणि शेवटचा डबा

परभणीला कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा सुट्टीला घरी येताना एक दृश्य नेहमी दिसे. लहान स्थानक न थांबता ओलांडताना इंजिनातला माणूस वेताची मोठी कडी फलाटावर फेकी आणि तिथल्या खलाशाने धरलेली दुसरी कडी हातात अडकवून घेई. आम्हांला तो सर्कशीतला खेळ वाटे. आता स्टेशनमास्तरांनी उलगडा केला. कडीच्या थैलीत लोखंडी गोळा असे. मार्ग एकेरी, त्याच रुळावर जाणे आणि येणे. दोन स्थानकांतली यंत्रे तारेने अशी जोडलेली, की दोन्ही मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, आणि तोही पुढच्या मास्तरने 'लाइन क्लिअर' दिल्यावर. गोळा हातात नाही तर गाडी हलवायची नाही. गोळा एकच, म्हणून त्या टापूत गाडीही एकच. पाण्याच्या पाळीची चिठ्ठी ज्याच्या हातात त्यानेच दार उघडायचे, तसे हे. आपल्याकडे पाळी मोडणारे निघतात. तिथे यंत्रच मोडू देत नाही.

सिग्नलचा हातही असाच विचार करून बसवलेला. हात आडवा असेल तर थांबा, खाली पडला तर चला. तार तुटली तर वजनाने तो आपोआप आडवा होई, म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबणार, धडकणार नाही. ब्रेकचे तेच. गाडीभर नळी असते, आज तिच्यात दाबलेली हवा असते. नळी फुटली, डबा सुटला, कोणी साखळी ओढली, तरी दाब उतरतो आणि ब्रेक लागतात. ही बिघाडालाही सुरक्षिततेकडे वळवण्याची रीत मला फार आवडली. आपल्या विहिरीवरच्या मोटारींची जोडणी अशा विचाराने केली तर दरवर्षी किती माणसे वाचतील!

आता गोळे गेले, हात गेले. रंगीत दिवे आले, आणि रुळालगत बसवलेली यंत्रे किती चाके टापूत शिरली आणि किती बाहेर पडली हे मोजतात. तरी एक जुनी रीत कायम आहे. शेवटच्या डब्याच्या पाठीवर गुणाकाराचे मोठे चिन्ह असते. गाडी जाताना स्थानकावरचा माणूस झेंडा दाखवत असतो, पण त्याचे डोळे त्या चिन्हाकडे असतात. ते दिसले म्हणजे गाडी पुरी आली, मागे काही सुटले नाही. संध्याकाळी गुरे परत येताना आजोबा दारात उभे राहून शेवटच्या गाईची वाट पाहत, ते आठवले.

फाटकाविषयी मात्र मनापासून सांगायचे आहे. 'अर्धा तास झाला, गाडीचा पत्ता नाही, आणि फाटक बंद!' अशी तक्रार मीही केली आहे. कारण असे, की सिग्नलला जोडलेल्या फाटकावर आधी फाटक लागून कुलूपबंद व्हावे लागते, त्याशिवाय गाडीला सिग्नल हिरवा होतच नाही. आणि सिग्नल लाल दिसला की भरधाव गाडीला थांबायला किलोमीटर हवा, म्हणून तो तिला दुरूनच हिरवा दिसायला हवा. फाटक लवकर लागते ते यासाठी. फाटकवाल्याला शिव्या देऊन ते लवकर उघडत नाही. दांडीखालून मोटारसायकल आडवी करून काढणारे आपल्यातलेच असतात. रुंद मार्गावरची माणूस नसलेली फाटके २०१९ च्या जानेवारीपर्यंत सगळी बंद करण्यात आली. तरी गुरे आणि पायवाटा आहेतच.

आणि तारा. आपल्या मार्गाला २०२३ पर्यंत वीज नव्हती. त्या वर्षअखेर, ३० डिसेंबरला, मुंबई–जालना वंदे भारत सुरू झाली ती विजेवर. शेतातून जाणाऱ्या अकरा हजारांच्या लाइनला आपण भितो. रुळावरच्या तारेत पंचवीस हजार व्होल्ट असतात. तिला हात लागावा लागत नाही, दोन मीटरच्या आत काही नेले तरी ती ओढते. तुषार संचाचे पाइप खांद्यावर उभे धरून रूळ ओलांडू नका. लांब आकडी घेऊन शेळ्यांना पाला पाडणारी मुले रुळाकडे फिरकू देऊ नका. फाटकाच्या दोन्ही बाजूंना जी आडवी दांडी उंचावर लावलेली असते ती साडेचार ते पावणेपाच मीटरांच्या दरम्यान असते. कडब्याची किंवा कापसाची गाडी तिला घासली तर माल उतरवून कमी करा, दांडी वाकवून पुढे जाऊ नका. आणि थांबलेल्या मालगाडीच्या टपावर चढून फोटो काढण्याचे वेड अलीकडे मुलांत आले आहे. ती वाघीण थांबलेली असली तरी वरची तार थांबलेली नसते.

कॅमेऱ्याकडे परत

चाबीवाल्याने सांगितलेला नियम मी पाळतो : रेल्वेच्या हद्दीत पाऊल नाही. कायद्यानेही तो गुन्हाच आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यात विनापरवाना हद्दीत शिरण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. बांधावर, शेतमालकाला विचारून, पिकात न शिरता उभे राहायचे. आणि आश्चर्य असे, की फोटो तिथूनच चांगले येतात. रुळाशेजारून नुसते इंजिनाचे तोंड येते. लांबून गाडी, शेत, बोरीबाभळी, किल्ला असा सगळा मुलूख येतो. सकाळी ऊन पूर्वेकडून येते तेव्हा शहराच्या बाजूला पाठ करून उभे राहावे, दौलताबादचा डोंगर उजळतो. ज्वारी निसवलेली असेल तर कणसे पुढे येऊ द्यावी. गाडी कधी येणार हे आता मला वेळापत्रकापेक्षा सिग्नल सांगतो.

आणि अजून एक घाई आहे. या मार्गाच्या दुहेरीकरणाचे काम हाती घेतले आहे. दुसरा रूळ येणार, भराव रुंद होणार, जुन्या दगडी मोऱ्या वाढवल्या जातील किंवा झाकल्या जातील. व्हावेच; एकेरी मार्गावर समोरच्या गाडीची वाट पाहत आपण आयुष्य घालवले आहे. पण आजीच्या वडिलांच्या काळातली ती घडीव दगडांची कमान एकदा गेली की गेली. म्हणून गावोगावच्या मोऱ्यांचे फोटो बाहेरून काढून ठेवतो आहे. पंचनाम्याची सवय उपयोगी पडते, शेजारी काठी उभी करतोच. पावसाळ्यानंतर अनकाईला जायचे आहे. तिथे अनकाई-टनकाईच्या जोडकिल्ल्याच्या पायथ्याशी गाडी येते, आणि दौंडकडचा आणि आपला असे दोन मार्ग फुटतात.

होळीच्या सुमारास मला हवा होता तो फोटो अखेर मिळाला. वंदे भारत, मागे देवगिरी, पुढे एका शेतकऱ्याचा कापलेला हरभरा. मोठ्या आकारात छापून घेतला आणि चाबीवाल्याच्या घरी नेऊन दिला. त्याच्या बायकोने चहा ठेवला, पोरांनी किल्ला ओळखला. तो स्वतः मात्र फोटो खिडकीशी नेऊन, तळाचा कोपरा डोळ्यांजवळ धरून, बराच वेळ पाहत राहिला.

"काय झाले?" मी विचारले.

"सायेब, हितं शेळ्यांची वाट पडलीय बघा. स्लीपरच्या टोकाची खडी खाली घसरलीय." मग मला समजावून म्हणाला, की आताचे रूळ मैलोन्‌मैल सांधे जोडून अखंड केलेले, उन्हाळ्यात ते वाढू पाहतात, आणि त्यांना जागच्या जागी धरून ठेवते ती ही खडी. मी घरी हिशेब केला. चाळीस अंशांच्या फरकाने किलोमीटरभर मोकळा रूळ शेचाळीस सेंटिमीटर वाढेल. चैत्राचे ऊन पुढेच होते.

फोटोत तारेचा खांब आला होता, तोच जो पहिल्या दिवशी मला मध्ये येतो असे वाटत होते. त्याच्यावरच्या पाटीचा आकडा स्पष्ट वाचता येत होता. चाबीवाल्याने तो वहीत उतरवून घेतला, आणि चहा न संपवताच मुकादमाला फोन लावायला अंगणात गेला.